ठाऊक असेल तेच दिसते

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमात दिलेले भाषण)



आज मी नवीन वाणाविषयी किंवा खताच्या हप्त्याविषयी बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या नजरेविषयी. तुम्ही म्हणाल, शेतीचा माणूस डोळ्यांचा डॉक्टर कधीपासून झाला? तसे नाही. डोळे तुमचे-आमचे चांगलेच आहेत. पण डोळे चांगले असूनही समोरची गोष्ट दिसत नाही, असे शेतात वारंवार घडते. ते का घडते आणि त्यावर उपाय काय, एवढेच आज सांगणार आहे.

बैलबाजाराचे उदाहरण घ्या. शहरातला एखादा पाहुणा बरोबर घेऊन बाजारात गेलात, तर पाहुणा म्हणेल, "काय देखणा बैल आहे! शिंगं बघा कशी रंगवलीत!" तुम्ही रंगवलेल्या शिंगांकडे बघणारही नाही. तुम्ही बैलाचे तोंड उघडून दात पाहाल, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे. खांदा चाचपाल, चार पावले चालवून घ्याल, एखादा पाय आखडतो का बघाल. बैल एकच, ऊनही तेच, डोळेही दोघांना दोन-दोनच. पण पाहुण्याला जे दिसले नाही ते तुम्हाला दिसले, कारण काय बघायचे हे तुम्हाला आधी ठाऊक होते. वडिलांच्या मागे बाजारात फिरून तुम्ही ते शिकला होता.

धनगराचेही तसेच. आपल्याला शंभर मेंढरे एकसारखी दिसतात. त्याला त्यातली एक कमी झाली तर संध्याकाळी न मोजताही चुकल्यासारखे वाटते.

म्हणजे पाहणे हे एकट्या डोळ्यांचे काम नाही. आधीची ओळख आणि डोळा मिळून पाहतात. ओळख असेल ते चटकन दिसते, ओळख नसेल ते समोर असून दिसत नाही. ही गोष्ट साधी आहे, पण पिकाच्या बाबतीत तिची किंमत मोठी आहे.

मक्यातली अळी

पहिला दाखला मक्याचा. २०१८ साली अमेरिका खंडातून आलेली लष्करी अळी आपल्या देशात प्रथम कर्नाटकात मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. त्या वेळी मी मका घेणाऱ्या काही गावांत फिरत होतो. पोंग्यातली पाने कुरतडलेली, त्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा. शेतकऱ्यांना विचारले तर उत्तर मिळे, "खोडकिडा आहे साहेब, दरसाल असतो." त्यांचे चुकत नव्हते. त्यांच्या आयुष्यात मक्याच्या आणि ज्वारीच्या पोंग्याला लागणारा किडा म्हणजे खोडकिडा. समोर काहीही आले तरी मन त्याला तेच नाव देणार.

मग आम्ही चित्रे घेऊन गेलो. अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढावे तशी फिकट खूण असते, आणि शेपटीकडच्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. या दोन खुणा एकदा दाखवल्या, की माणसे पोंगा उलगडून स्वतःच सांगू लागली, "हीच की ती!" दुसऱ्या दिवशी फोन येऊ लागले, "साहेब, एका रात्रीत सगळ्या शिवारात पसरली हो!" बंधूंनो, एका रात्रीत पसरली नव्हती. ती आठ-पंधरा दिवसांपासून तिथेच होती. एका रात्रीत पसरली होती ती नजर.

यात एक फायदा लक्षात घ्या. अळी लहान असताना ती पानाचा हिरवा भाग खरवडून खाते आणि पानावर पातळ, पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. अळी मोठी झाली की पानाला भोके पडतात, पोंगा फाटतो आणि ती आत खोल जाते. भोके कोणालाही दिसतात. पांढरे चट्टे मात्र ज्याला ठाऊक आहेत त्यालाच दिसतात. उपाय सोपा आणि स्वस्त असतो तो चट्ट्यांच्या वेळी. ओळखीचे मोल असे रोख असते.

माझ्या वहीतला 'निरंक'

आता दुसरी बाजू. आधीची ओळख डोळे उघडते, तशी ती डोळ्यांना झापडही लावते. हे मी दुसऱ्याचे सांगत नाही, स्वतःचे सांगतो.

२०१७ सालची गोष्ट. बी.एस्सी. ॲग्री. होऊन कामावर लागून मला फार दिवस झाले नव्हते. मराठवाड्यातल्या कापसाच्या गावांची पाहणी माझ्याकडे होती. सप्टेंबरात एका आबांच्या शेतावर गेलो. कपाशी छातीला लागलेली, रंग काळाभोर हिरवा. बांधावर उभे राहून पीक बघितले, समाधान वाटले आणि वहीत लिहिले : "पीक स्थिती उत्तम. बोंडअळी - निरंक."

शेतात खुरपणी चालू होती. त्यातल्या एक मावशी उठून जवळ आल्या. हातात कपाशीचे फूल होते. म्हणाल्या, "साहेब, हे फूल असं का हो? गुलाबाच्या कळीवानी मिटलंय. माझ्या ओळीत अशी लई हायेत."

मी फूल हातात घेतले. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "पावसानं चिकटली असतील मावशी." आणि फूल टाकून दिले.

बंधू-भगिनींनो, त्या फुलाला डोमकळी म्हणतात. गुलाबी बोंडअळी फुलाच्या आत शिरून पाकळ्या आपल्या धाग्याने बांधून घेते, म्हणून फूल उमलत नाही. ही माहिती मला नव्हती असे नाही. महाविद्यालयात ती मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिली होती, तिला गुणही मिळाले होते. पण त्या माहितीच्या शेजारीच मनात दुसरी एक ओळ पक्की बसली होती, "बीटी कपाशीवर बोंडअळी येत नाही." त्या ओळीने पहिली माहिती झाकून टाकली. मी अळी शोधायला गेलोच नव्हतो, मग ती दिसणार कशी?

ती ओळ एके काळी खरी होती, हे मान्य केले पाहिजे. आपल्या देशात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. दोन जनुके असलेले वाण २००६ पासून आले. त्याआधी बोंडअळ्यांसाठी किती फवारण्या लागत, हे जुन्या शेतकऱ्यांना विचारा. बीटी आल्यावर तो त्रास खरोखर कमी झाला. पण किडी काही स्वस्थ बसत नाहीत. गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला दाद देणे थांबवले आहे, हे गुजरातच्या अनुभवावरून २०१० साली जाहीर झाले होते. पुढे २०१५ च्या हंगामात तिथे दोन जनुकांच्या कपाशीवरही तिने मोठे नुकसान केले. म्हणजे घंटा वाजली होती. पण गावोगावच्या आपल्या मनात जुनीच ओळ लिहिलेली होती. बियाण्याच्या पाकिटावर विश्वास ठेवून आपण बोंड फोडून बघायचेच सोडून दिले होते. शेतकऱ्याने सोडले आणि मीही सोडले.

नोव्हेंबरात आबा माझ्याकडे आले. खिशातून एक बोंड काढून टेबलावर ठेवले. बोंड अर्धेच फुटलेले, कापूस पिवळट, चिकटलेला, कवडी झालेला. सरकी पोखरलेली. आबा ओरडले नाहीत, भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तवा तुमच्या वहीत काय लिहिलं होतं?"

मी वही काढली नाही. काय लिहिले होते ते मला पाठ होते. त्या हंगामात राज्यात कितीतरी कापूस उत्पादकांवर हीच पाळी आली. एका फुलाकडे मी नीट पाहिले असते तर सगळे वाचले असते, असा माझा दावा नाही. पण त्या एका शेतात दीड-दोन महिने आधी हालचाल झाली असती, आणि शेजारच्या चार शेतांत बातमी गेली असती.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. मावशींनी ते फूल का पाहिले आणि मी का नाही? मावशी वाकून, ओळीतून, फुलांच्या उंचीवर चालत होत्या. वर्षानुवर्षे कपाशीत हात घालून काम केल्यामुळे फूल कसे उमलते हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. न उमललेले फूल त्यांना लगेच खटकले. नाव माहीत नव्हते, पण खटकले. मला नाव माहीत होते, पण मी बांधावर उभा होतो, आणि बांधावरून फक्त हिरवळ दिसते. पुस्तकातली ओळख आणि हाताची ओळख त्या दिवशी एकमेकींना भेटली होती. मी ऐकून घेतले असते तर दोन्ही मिळून अळी सापडली असती. मी ऐकून घेतले नाही.

नावही फसवते

गुलाबी बोंडअळीच्या नावातच एक चकवा आहे, तो सांगून ठेवतो. बरेच जण बोंड फोडतात, आत बघतात आणि म्हणतात, "गुलाबी काहीच नाही, म्हणजे अळी नाही." ही अळी लहानपणी गुलाबी नसते. ती पांढरट असते, डोके तेवढे गडद. गुलाबी रंग मोठी झाल्यावर येतो. म्हणजे गुलाबी रंग शोधणाऱ्याला ती सापडते तेव्हा तिने बरेचसे खाऊन झालेले असते.

दुसरा चकवा भोकाचा. अळी कोवळ्या बोंडात शिरते ते भोक इतके बारीक असते, की बोंड वाढताना ते बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, निरोगी. अमेरिकन बोंडअळी पाहिलेल्या जुन्या शेतकऱ्यांना मोठे भोक आणि बाहेर पडलेली विष्ठा बघायची सवय. ते बोंड बाहेरून फिरवून बघतात आणि समाधानाने पुढे जातात. इथेही जुनी ओळख आड आली. ही अळी बाहेरून दिसत नाही. बोंड फोडावेच लागते.

एक पान, तीन निदाने

लाल्याचेच बघा. कपाशीचे लाल झालेले पान घेऊन गावात फिरा. एक जण म्हणेल, "हा रोग आहे, माझ्या भावाकडे असाच आला होता." दुसरा म्हणेल, "खत कमी पडलं." तिसरा म्हणेल, "थंडी पडली ना, तिचा परिणाम." दुकानात गेलात तर पान बघण्याआधीच बाटली पुढे येईल. जो तो आपल्या मागच्या अनुभवातून बोलतो, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचे कुठे ना कुठे खरे असते. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले तरी पाने लाल होतात, रात्रीचे तापमान उतरले तरी होतात, पाणी साचून मुळ्या गुदमरल्या तरी होतात, आणि तुडतुड्यांनी रस शोषला तरी होतात.

मग करायचे काय? पान उलटे करायचे. तुडतुडे असतील तर पानाच्या कडा आधी पिवळ्या आणि मग लाल झालेल्या असतात, पान खाली मुडपते, आणि पान उलटताच हिरवट बारीक किडे तिरपे चालत पळतात. तिरपे चालणे ही त्यांची खूण. किडे नसतील तर फवारणीचा पैसा वाचला. मग निचरा बघा, खताचा हिशोब बघा, माती तपासणीचा कागद काढा. आधी नाव ठेवून मग पान बघू नका. आधी पान बघा, मग नाव ठेवा.

मगरीसारखा दिसणारा मित्र

अर्ध्या ओळखीने होणारे आणखी एक नुकसान आहे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा बहुतेकांना ठाऊक आहे. तो मावा खातो, म्हणून त्याला मारायचे नाही, हेही ठाऊक आहे. पण त्याची अळी? ती काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, सहा पायांची, एखाद्या लहान मगरीसारखी दिसते. दिसायला उग्र, म्हणून आपण तिलाच शत्रू समजतो आणि पंप पाठीवर घेतो. मोठेपणी ज्याला हात जोडायचे, त्याला बालपणी मारायचे, असा हा प्रकार.

क्रायसोपाचे तसेच. पानावर केसाएवढ्या बारीक देठावर एक-एक पांढरा दाणा उभा दिसला, तर ती बुरशी नव्हे. ती क्रायसोपाची अंडी. त्यातून निघणारी अळी मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर जगते. ज्याला ठाऊक नाही त्याला हे देठ आयुष्यभर दिसत नाहीत. ज्याला एकदा दाखवले त्याला ते प्रत्येक शेतात दिसतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. काचेच्या बरणीत मावा पडलेली एक फांदी ठेवा. तीत ती मगरीसारखी अळी सोडा. तोंडाला पातळ फडके बांधा. अळी काय खाते आणि मावा किती उरतो, ते एक-दोन दिवस बघत राहा. घरातल्या मुलांना मोजायला सांगा. एकदा डोळ्यांनी बघितलेले मूल पुढे जन्मभर विसरणार नाही, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही.

इंडोनेशियाचा धडा

हा विचार फक्त आपल्याकडचा नाही. भाताचा देश असलेल्या इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी भात बसवला होता. जितके औषध मारावे तितके तुडतुडे वाढत, कारण औषधाने त्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकिडेच आधी मरत. शेवटी १९८६ साली त्या सरकारने भातावर वापरल्या जाणाऱ्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण नुसत्या बंदीने भागले नाही. शेतकऱ्याला खाचरातला कोळी मित्र म्हणून दिसायला हवा होता. म्हणून १९८९ पासून तिथे शेतातच शाळा भरू लागल्या. शेतकरी आठवड्यातून एकदा खाचरात उतरत, दिसलेले किडे मोजत, कागदावर रोपाचे चित्र काढून एका बाजूला शत्रू आणि दुसऱ्या बाजूला मित्र मांडत, आणि मग सगळे मिळून ठरवत की फवारायचे की नाही.

आपल्याकडची शेतीशाळा ही याच पद्धतीची. काही जण म्हणतात, "म्हातारपणी चित्रं काय काढायची?" चित्रकला शिकवायची म्हणून चित्र काढायचे नसते. काढायला बसले की लक्षात येते, पानाच्या खालची बाजू आपण बघितलीच नव्हती. मग माणूस उठतो आणि परत शेतात जातो. ते परत जाणे म्हणजेच शाळा.

बाटलीवरचा रंग

बघण्याचा हा प्रश्न पिकापुरता नाही, जिवाचाही आहे. २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून मी जिथे जातो तिथे एक प्रश्न विचारतो, "तुमच्या घरातल्या औषधाच्या बाटलीवर कोणता रंग आहे?" बाटली वर्ष-वर्ष कोनाड्यात असते. बहुतेकांना बाटलीचा किंवा झाकणाचा रंग सांगता येतो. लेबलावरच्या खुणेचा रंग मात्र आठवत नाही.

प्रत्येक बाटलीवर एक उभा चौकोन असतो, शंकरपाळ्यासारखा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अति तीव्र विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी. हिरवा म्हणजे बिनधोक नव्हे, हेही ध्यानात ठेवा. आज घरी गेल्यावर बाटली बघा. उद्यापासून तो रंग तुम्हाला दुकानाच्या फळीवर लांबूनही दिसेल.

तसेच विषबाधेच्या खुणा. फवारणाऱ्याला डोके दुखू लागले, मळमळले, घाम सुटला, नजर अंधुक झाली, तोंडाला लाळ सुटली, तर आपण म्हणतो "ऊन लागलं, जरा सावलीला बस." उन्हाची ओळख जुनी, म्हणून तेच आठवते. फवारणीच्या दिवशी मात्र आधी विषबाधा आठवा. काम थांबवा, माणसाला शेताबाहेर काढा, कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. ऊन लागले असेल तरी दवाखान्यात जाऊन काही बिघडत नाही.

मग नजर कशी कमवायची?

नजर जन्मतः मिळत नाही. ती कमवावी लागते आणि दरवर्षी घासूनपुसून ठेवावी लागते. त्यासाठी फार वेळ लागत नाही. कपाशी असेल तर पाते-फुले लागल्यापासून आठवड्यातून एकदा सकाळी अर्धा तास द्या. बांधावरून नव्हे, ओळीत शिरा. नागमोडी चालत एकरातली वीस झाडे बघा. पाने उलटून बघा. फुलात डोमकळी आहे का बघा, असेल तर तोडून अळीसकट नष्ट करा. बोंडे धरल्यावर वीस वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडे तोडून फोडा. वीस बोंडे गेल्याचे वाईट वाटून घेऊ नका, ती तपासणीची फी समजा. वीसपैकी दोन बोंडांत अळी किंवा तिने खाल्ल्याची खूण सापडली, तर नुकसान दहा टक्क्यांवर आले. आता उपाय करण्याची वेळ झाली, असे समजा. फुलांतही दहा टक्क्यांचाच हिशोब धरा.

एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि त्यातले पतंग रोज मोजा. एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस सापडले, तर तो इशारा समजा. कोणते औषध, किती प्रमाणात, हे आपल्या गावच्या कृषी कर्मचाऱ्याला किंवा विद्यापीठाच्या केंद्राला विचारूनच ठरवा.

शक्यतो एकट्याने फिरू नका. घरधनीण, खुरपणाऱ्या बाया, शाळकरी मुलगा किंवा शेजारचा शेतकरी, कोणाला तरी बरोबर घ्या. दोघांची ओळख वेगवेगळी असते, म्हणून एकाला न दिसलेले दुसऱ्याला दिसते. आणि वेचणीला किंवा खुरपणीला आलेली बाई "हे असं का?" असे विचारते तेव्हा काम थांबवून बघा. त्या प्रश्नाची किंमत मला एका हंगामाने शिकवली आहे.

आता वहीविषयी. मी माझ्या वहीत एक बदल केला. पूर्वी मी 'निरंक' लिहीत असे. आता दोन वेगळ्या नोंदी लिहितो. 'वीस बोंडे फोडली, अळी नाही' ही एक. 'आज बोंडे फोडली नाहीत' ही दुसरी. दिसले नाही आणि पाहिले नाही, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तुम्हीही वही ठेवा, आणि त्यात ही दोन वाक्ये एकमेकांत मिसळू देऊ नका.

शेवटी, हंगाम संपल्यावरही नजर ठेवा. डिसेंबरअखेर कपाशीचे शेत मोकळे करा, फरदड घेऊ नका. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर त्या नुसत्या चिकटलेल्या नसतात, त्यांच्या पोटात अळी पुढच्या हंगामाची वाट बघत झोपलेली असते. पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर ठेवणे म्हणजे त्या अळीला घर बांधून देणे.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. ओळख असेल ते दिसते. म्हणून किडीच्या आणि मित्रकिडीच्या प्रत्येक अवस्थेची ओळख करून घ्या, फक्त मोठ्या किड्याची नव्हे.

२. जुनी ओळख आड येते. "आमच्याकडे ही कीड येत नाही" असे वाटले की त्याच दिवशी शेतात जाऊन खात्री करा.

३. आधी बघा, मग नाव द्या, मग मोजा, आणि मगच फवारा.

४. बोंड बाहेरून बघून समाधान मानू नका. फोडून बघा. लहान अळी गुलाबी नसते, पांढरट असते.

५. औषधाच्या लेबलावरचा रंग ओळखा. फवारणीच्या दिवशी चक्कर आली तर ऊन म्हणून सोडून देऊ नका.

६. शेतात राबणाऱ्या माणसाला खटकलेली गोष्ट हसण्यावारी नेऊ नका.

बंधू-भगिनींनो, आबांच्या शेतावर मी आजही जातो. त्या मावशी असतात. आता मी बांधावर थांबत नाही. सरळ ओळीत शिरतो आणि आधी त्यांना विचारतो, "मावशी, आज काही खटकलं का?" कधी त्या "नाही" म्हणतात. कधी हातातले एखादे पान पुढे करतात. गेल्या हंगामात त्यांनी एक डोमकळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, ही पावसानं चिकटली नाही बरं का!" मी फूल उघडले. आत पांढरट, बारीक अळी होती. आम्ही दोघेही हसलो, पण आबा मात्र हसले नाहीत. ते लगेच पिशवी घेऊन बाकीच्या डोमकळ्या तोडायला निघाले होते.

या आठवड्यात तुम्हीही आपल्या शेतात आजवर न पाहिलेली एक तरी गोष्ट शोधा. नाव कळले नाही तरी चालेल. तोडून, कागदात गुंडाळून, कोणाला तरी दाखवा.

नमस्कार.